आमच्या गावचं शंभर वॅटचं टीव्ही स्टेशन

टॉवरखालचा (धागाकर्ता)

मंडळी, दिवाळीसाठी गावी आलोय. गाव म्हणजे वऱ्हाडातलं तालुक्याचं ठिकाण. नाव मुद्दाम देत नाही, कारण इथं आमच्याकडचे चार-पाच जण आहेत आणि मग धागा 'तू कोणाचा पोट्टा?' वर घसरतो.

बसस्टँडच्या मागं बरडावर टीव्हीचा टॉवर अजून उभा आहे. खाली दोन खोल्या, जनरेटरची एक वेगळी खोली, तारेचं कुंपण. पाटीचा रंग उडालाय, पण 'दूरदर्शन' आणि 'अल्पशक्ती' एवढं वाचता येतं. आत बेशरम कमरेइतकी वाढलीय. बंद होऊन वर्षं झाली, तरी ऑटोवाले अजून 'टॉवरवर चला, टॉवरवर' असंच ओरडतात आणि त्या भागाला टॉवर कॉलनीच म्हणतात.

मला माहीत आहे तेवढं लिहितो, बाकीची भर तुम्ही घाला. १९७५-७६ मध्ये उपग्रहावरून खेड्यात टीव्ही दाखवण्याचा 'साइट' हा प्रयोग झाला. सहा राज्यांतली २,४०० गावं त्यात होती, पण त्या सहांत महाराष्ट्र नव्हता. आपल्याकडं खरी गडबड सुरू झाली इन्सॅट-१बी या उपग्रहामुळं. ऑगस्ट १९८३ मध्ये चॅलेंजर यानातून तो वर गेला आणि मग देशभर लहान लहान ट्रान्समीटर उभे करायची शर्यतच लागली. १९८४ च्या उत्तरार्धात तर जवळपास दिवसाला एक या वेगानं ते सुरू होत होते. आमचा टॉवर त्याच लाटेतला. बाबा सांगतात की इंदिराजींची अंत्ययात्रा, म्हणजे ३ नोव्हेंबर १९८४, गावातल्या दोन टीव्हींवर अख्ख्या गावानं पाहिली.

आता एक कोडं. आमच्या माडीवर जुना अँटेना अजून आहे. टॉवर आमच्या घराच्या उत्तरेला, आणि अँटेनाचं तोंड सरळ पूर्वेला. पूर्वेला नागपूर. आजोबा तेव्हा नागपूर पकडत होते की काय?

ठेचा_भाकर

काहीचे काही नागपूर! वानरानं फिरवला असन भाऊ.

आमच्याइकडं अँटेना म्हणजे वानराचा झोका होता. सकाळी टोळी आली का एक ना एक दांडी वाकलीच म्हणून समजा. मंग मी निसनी लावून वर. बाबा खाली टीव्हीपाशी, माय मधात दरवाजात, मी माडीवर पाइप धरून. बाबा म्हणे 'आला', माय वरडे 'आला रे', मी हात सोडला का 'गेला!' परत धरला का आला. शेवटी बाबा म्हणे, तू तिथंच ऱ्हाय.

१९८७ च्या वर्ल्डकपची नागपूरची मॅच, ३१ ऑक्टोबर. चेतन शर्मानं न्यूझीलंडचे तीन गडी लागोपाठ तीन बॉलवर बोल्ड केले. गावसकरची वनडेतली एकुलती एक सेंच्युरी बी त्याच मॅचले. अन् मी? पाइप धरून उभा. खालून नुसता कालवा आयकू ये. नागपूर आमच्यापासून एवढं जवळ, पण मॅच आली दिल्लीवरून उपग्रहात चढून अन् पोयली माह्या हाताच्या पंज्यातून. मले मात्र दिसलं ते शेजाऱ्याच्या कवेलूवरचं मांजर.

शंभर_वॅट

धागा वाचून लॉगिन केलं, पासवर्ड विसरलो होतो. मी अशा दोन केंद्रांवर मिळून पंधराएक वर्षं काढली आहेत, दोन्ही विदर्भातच. त्यामुळं थोडं सविस्तर लिहितो.

आधी 'स्टेशन' या शब्दाबद्दल. लोक आम्हाला स्टेशनवाले म्हणायचे आणि बघायला आले की पहिला प्रश्न असायचा, 'बातम्या सांगणारी बाई कुठं बसते?' आत काय, तर दोन उंच लोखंडी कपाटं. एक ट्रान्समीटर चालू, दुसरा राखीव. बाहेर मोठी ताटली. ताटली उपग्रहाकडून दिल्लीचा कार्यक्रम उतरवायची, कपाट त्याला आमच्या चॅनलवर चढवायचं आणि टॉवरवरून सोडून द्यायचं. माझ्या पहिल्या केंद्राचं चॅनल आठ नंबरचं, म्हणजे १९५ ते २०२ मेगाहर्ट्झ. कॅमेरा नाही, माइक नाही, स्टुडिओ नाही. लोकांचा चेहरा पडायचा.

ताकद शंभर वॅट. घरातला एक जुना बल्ब जेवढा, तेवढ्यात तालुका. कागदावर त्रिज्या १५ किलोमीटर. आता गणित बघा: ३० मीटरचा टॉवर आणि तुमच्या माडीवर ६ मीटरवर अँटेना धरला, तर पृथ्वीच्या गोलाईच्या हिशेबानं ३० किलोमीटरच्या वर 'नजर' पोचते. म्हणजे अडचण नजरेची नव्हती, जोराची होती. पंधराच्या पुढं सिग्नल असायचा, पण इतका अशक्त की पडद्यावर मुंग्याच मुंग्या. मग लोक पाइप वाढवायचे, बूस्टर लावायचे. बूस्टर मुंग्याही वाढवतो हे कितीदा सांगितलं, पण बाजारात बूस्टर विकणाऱ्याचं ऐकायचे, आमचं नाही.

काम म्हणजे काय? ठरल्या वेळानं मीटर बघून लॉगबुकात आकडे लिहायचे. फॉरवर्ड पॉवर (टॉवरकडं जाणारी), रिफ्लेक्टेड पॉवर (तिथून परत फिरणारी), व्होल्टेज. रिफ्लेक्टेड वाढली की समजायचं वर केबलमध्ये पाणी गेलंय किंवा मृगाच्या विजेनं काहीतरी भाजलंय. लाइन तर विचारूच नका. गेली की जनरेटर, जनरेटरचं डिझेल संपलं की जिल्ह्याला फोन, फोन लागला तर नशीब. उन्हाळ्यात पारा ४६ वर गेला की मशिन तापू नये म्हणून एसी फक्त ट्रान्समीटरच्या खोलीत. चौकीदारापासून साहेबांपर्यंत सगळे तिथंच चिकटून बसलेले. पाहुण्याला वाटायचं, काय तल्लीन होऊन काम करतात!

शिव्याही त्या दिवसांच्याच जास्त लक्षात आहेत. दरवर्षी मार्चच्या सुरुवातीला आणि ऑक्टोबरात काही दिवस, दुपारी बाराच्या सुमारास, सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागं येतो. ताटलीला उपग्रहापेक्षा सूर्याचाच गोंगाट जास्त ऐकू येतो आणि काही मिनिटं चित्र जातं. हे निसर्गाचं आहे, कुणाच्या बापाला थांबवता येत नाही. पण तेवढ्यात मॅच चालू असली की फाटकावर पन्नास माणसं. एकदा मी सूर्याकडं बोट दाखवून समजावत होतो, तर एक काकाजी म्हणाले, 'साहेब, सूर्य काय आजच उगवला का?'

धागाकर्ते, कोड्याबद्दल: अँटेनातली जी घडी घातलेली दांडी असते, जिला वायर जोडतात, तिची लांबी मोजून सांगा. टेपनं, अंदाजानं नको.

तर्कटराव

वाचायला मजा येते आहे, पण मी थोडा खडा टाकतो. 'आमच्या गावचं' हे काय आहे? त्या टॉवरनं आयुष्यात एक तरी गोष्ट आमच्या गावची दाखवली का? दिल्लीचं हिंदी, दिल्लीच्या बातम्या. शेतीच्या कार्यक्रमात गहू-मोहरी, आणि बघणारा पऱ्हाटी-तुरीवाला. मराठीचा स्वतंत्र उपग्रह चॅनल यायला १९९४ उजाडलं. टॉवर गावात होता म्हणून स्टेशन गावाचं होत नाही. विजेच्या खांबाला कुणी 'आमचं वीज केंद्र' म्हणतं का?

खरं स्थानिक टीव्ही बघायचं तर गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यातलं पीज. तिथं १९७५ मध्ये १ किलोवॅटचा ट्रान्समीटर लागला आणि अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्रातली माणसं गावोगाव जाऊन तिथल्याच भाषेत, तिथल्याच माणसांना घेऊन कार्यक्रम करत. मजुरी, दारू, अस्पृश्यता, सगळं. युनेस्कोचं ग्रामीण संवादाचं पारितोषिक १९८४ मध्ये त्याला मिळालं, आणि १९८५ मध्ये केंद्र बंद! ट्रान्समीटर उचलून मद्रासच्या दुसऱ्या चॅनलसाठी नेला. गंमत पाहा: ज्या वर्षांत देशभर दिवसाला एक ट्रान्समीटर लागत होता, त्याच वर्षांत गावाचं ऐकणारा एकुलता एक उचलला गेला. आमच्या टॉवरला 'स्थानिक' म्हणणं म्हणजे पीजचा अपमान आहे.

ठेचा_भाकर

तर्कटराव, विजेच्या खांबाले कोणी वर चढून बारा वर्षं धरून उभं राह्यलं नाही. म्हणून त्याले 'आमचा' म्हनत नाही.

अंबाडी

तर्कटरावांशी मी निम्मी सहमत. पण स्थानिक फक्त पडद्यावर असतं का? टीव्हीसमोर कोण कुठं बसलं, ते पूर्ण स्थानिकच होतं.

आमच्या गावात (टॉवरपासून सातेक किलोमीटर) पहिला टीव्ही एका मोठ्या शेतकऱ्याकडं आला. रामायण सुरू झालं, जानेवारी १९८७. रविवारी सकाळी साडेनऊला वावरं ओस. त्यांनी टीव्ही खिडकीत ठेवला, तोंड बाहेर करून. सगळे म्हणायचे, केवढं मोठं मन, अख्ख्या गावाला दाखवतो. माझी आई म्हणायची, खिडकीत ठेवला म्हणजे घरात कोणाला घ्यावं लागत नाही. अंगणातसुद्धा रांगा ठरलेल्या होत्या. पुढं त्यांच्या भावकीतली पोरं, मग बाकीची, मग बाया. आमच्या वस्तीतले लोक बैलगाडीच्या पलीकडं. गाडी तिथं कुणी मुद्दाम आडवी लावली नव्हती, ती रोजच तिथं असायची. पण पलीकडं कोण उभं राहायचं हे सगळ्यांना न सांगता माहीत होतं.

महाभारत सुरू होईपर्यंत वस्तीत वर्गणी झाली. चौदा इंची, ब्लॅक अँड व्हाइट, समाजमंदिरात. लाइन बेभरवशाची, म्हणून ट्रॅक्टरची बॅटरी भाड्यानं आणायची. माझ्या वडिलांनी आणि दोन काकांनी अँटेना चढवला. पहिल्या दिवशी चित्र काही येईना, नुसत्या मुंग्या. तरी कुणी उठलं नाही. आजी म्हणाली, 'राहू दे, आपल्या मुंग्या आहेत.'

तर शंभर वॅटचा एक गुण मान्य करा. तो खिडकीतल्या टीव्हीवर जेवढा यायचा, तेवढाच समाजमंदिरातल्या टीव्हीवर यायचा.

टॉवरखालचा

अंबाडीताई, यावर काय लिहू? मी त्या गावातला टीव्ही कुणाकडं होता ते ओळखलं. बहुतेक आम्हीही गाडीच्या अलीकडं बसलो असू.

डोंगराआड

आम्ही तर गाडीच्याही पलीकडचे, वर्तुळाच्याच बाहेरचे. मेळघाटातलं गाव, गाविलगडाच्या रांगेच्या मागं दरीत. टॉवर सरळ रेषेत फार लांब नव्हता, पण मधे डोंगर. या लहरी वाकत नाहीत फारशा. मामा वर पठारावर नातेवाइकाकडं जायचा मॅच बघायला, सकाळी निघून मुक्कामी.

आमच्याकडं टीव्ही आला तो थेट छत्रीवर, म्हणजे फुकटवाल्या डिशवर. डीडी डायरेक्ट प्लस, डिसेंबर २००४ ला सुरू झालं ते. त्यामुळं अँटेना, 'आला-गेला' वगैरे आठवणी आम्हाला नाहीत. डोंगराला छत्रीचं काही नाही, आकाश दिसलं की झालं. तुमचा टॉवर त्या छत्र्यांनीच मारला ना?

केबलवाला_भाऊ

छत्री नंतर. पहिला घाव आम्ही घातला, कबूल करतो.

१९९२-९३ पासून गावात वायर ओढली. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक कोण, तर ज्यांचा अँटेना वानरं मोडत होती ते! महिन्याचे पैसे दिले की माडीवर चढायचं नाही, बस. कायद्यानं (१९९५ चा केबल कायदा) दूरदर्शनचे चॅनल दाखवणं आम्हाला सक्तीचं होतं, म्हणून टॉवरचं जे होतं ते आमच्या वायरीतूनही यायचं. मग अँटेना कशाला?

आणि तर्कटराव, स्थानिक पाहिजे होतं ना तुम्हाला? आमच्याकडं होतं. एक रिकामा चॅनल, एक व्हीसीआर, एक भाड्याचा कॅमेरा. गणपतीची मिरवणूक, शाळेचं गॅदरिंग, मोंढ्यातले कापसाचे भाव हातानं पुठ्ठ्यावर लिहून, नगरपालिकेची सभा (एकदाच, नंतर घेऊ दिलं नाही). सगळ्यात जास्त काय पाहायचे सांगू? 'हरवला आहे'. बैल, सायकल, एकदा एक आजोबा. बैल दोन दिवसांत सापडला, आजोबा त्याच रात्री सापडले, तेही शेजारच्या घरी स्वतःचीच जाहिरात पाहत बसलेले.

सेटटॉप बॉक्स आले, खेड्यापाड्यांत ३१ मार्च २०१७ ची मुदत, आणि सगळं मोठ्या कंपनीच्या ताब्यात गेलं. व्हीसीआरची वायर खोचायला जागाच राहिली नाही. कॅसेटी माझ्याकडं आहेत अजून, पोतंभर. बुरशी धरलीय. कोणाला चालत्या करता येत असतील तर सांगा, पैसे नको, फक्त एक कॉपी मला द्या.

जास्त_नाही_बोलत

खूण साठवली. केबलवाले भाऊ, पोतं पावसाळ्याआधी कोरड्या जागी उभं ठेवा, आडवं नाही. आणि बुरशीच्या कॅसेटी चालू व्हीसीआरमध्ये घालून बघू नका, हेड खराब होतं आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागण होते. व्यनि (खासगी निरोप) केलाय.

शंभर_वॅट

तर्कटरावांचा मुद्दा मला झोंबला, कारण तो बरोबर आहे. पीजबद्दल आमच्या ट्रेनिंगमध्येही आदरानं बोललं जायचं. आपल्याकडं नागपूरला उपग्रह दूरदर्शन केंद्र होतं, ग्रामीण कार्यक्रम करणारं. ते आमच्यासारख्या टॉवरवाल्यांच्या हातात मात्र कधीच नव्हतं.

पण एक दुरुस्ती करतो. एक चित्र आमचं होतं. दिल्लीचा सिग्नल गेला की आमच्याकडच्या पॅटर्न जनरेटरमधून रंगीत पट्टे सोडायचे. पांढरा, पिवळा, आकाशी, हिरवा, जांभळा, लाल, निळा, काळा. ते पट्टे दिल्लीहून यायचे नाहीत, आमच्या खोलीत तयार व्हायचे. म्हणजे त्या केंद्रानं स्वतः निर्माण केलेला एकमेव कार्यक्रम तो. आणि तालुक्यात निम्म्याहून जास्त टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट, त्यामुळं लोकांना दिसायचे ते राखाडीचे आठ पट्टे! आमचा एकुलता एक रंगीत कार्यक्रम निम्म्याहून जास्त लोकांनी रंगीत पाहिलाच नाही.

डोंगराआड, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: केबल, मग छत्री, मग मोबाइल, सगळ्यांनी मिळून. माझ्या शेवटच्या वर्षांत आम्ही सिग्नल सोडत होतो आणि तो कुणाच्या घरी उतरतोय का हे कळायला मार्ग नव्हता. पूर्वी दोन मिनिटं बंद पडलं तर फाटकावर गर्दी. शेवटी एकदा केबल जळाली आणि अडीच दिवस प्रक्षेपण बंद होतं. एकही माणूस आला नाही. तिसऱ्या दिवशी चौकीदार म्हणाला, 'साहेब, चालू केलं का? कोणाले सांगायचं नाही ना?' त्या अडीच दिवसांचे आकडे लॉगबुकात शून्य लिहिले आणि सही केली. केंद्र माझ्यासाठी त्याच दिवशी बंद झालं. सरकारी हिशेबात ते पुढं चाललं. २०२१-२२ मध्ये टप्प्याटप्प्यानं उरलेसुरले अॅनालॉग ट्रान्समीटर बंद केले, मोक्याच्या जागांवरचे पन्नासेक सोडून.

अशा काही जुन्या जागांवर आता शंभर वॅटचेच एफएम लागलेत. एप्रिल २०२३ मध्ये देशात एकदम ९१ एफएम ट्रान्समीटर सुरू झाले. आकडा तोच, शंभर.

दांडी मोजली का?

टॉवरखालचा

मोजली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी निसनी लावून चढलो, बायको खालून ओरडत होती. घडीची दांडी ७२ सेंटिमीटर. मागची थोडी जास्त, पुढच्या तीन थोड्या थोड्या कमी.

शंभर_वॅट

झालं तर मग. दांडी लहरीच्या निम्म्या लांबीपेक्षा किंचित कमी ठेवतात. त्याचा ठोकताळा असा: १४२.५ ला दांडीच्या मीटरमधल्या लांबीनं, म्हणजे ०.७२ नं भागा: १९८. म्हणजे १९८ मेगाहर्ट्झ, आठ नंबरचं चॅनल. खालच्या पट्ट्यातलं चार नंबर वगैरे असतं तर दांडी सव्वादोन मीटरच्या आसपास भरली असती. तुमच्या आजोबांनी नागपूर-बिगपूर काही पकडलं नाही. अँटेना आठ नंबरसाठीच कापलेला आहे. आणि आता तुमच्या गावाचं नाव मला कळलं, पण सांगत नाही. पूर्वेकडं तोंड का, ते मात्र गणितात बसत नाही.

ठेचा_भाकर

वानर. मी पयलेच सांगतलं.

टॉवरखालचा

बाबांना आत्ता फोन करून विचारलं. उत्तर जसंच्या तसं देतो:

'वानर नाही बे. केबल घेतली त्या साली मीच फिरवला. उत्तरेकडं तोंड होतं तं तुह्या मायचे कपडे सावलीत येत होते.'

आईचं मागून ऐकू आलं: 'अन् दांड्या वाकड्या झाल्यात, त्या सरळ कर म्हणा आला का. चादर घसरते.'